उतरून टाकलेला कोंबडा

मी शिरवळजवळच्या एका प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या विषाणूवर काम करते. राणीखेत, म्हणजे आमच्या जतकडची मानमोडी. तिचा सौम्य विषाणू घ्यायचा, त्यात दुसऱ्या एका रोगाचं जनुक घुसवायचं आणि एकाच लसीत दोन्ही कामं उरकायची, असा आमचा बेत. विषाणूच्या जनुकांची ओळ टँकरपुढच्या घागरींसारखी असते. पुढचीला भरपूर, मागचीला उरेल ते. मधे एखादी घागर घुसवली की मागच्यांना आणखी कमी मिळतं आणि विषाणू बहुतेक वेळा सुस्तावतो. आमचा मात्र सुस्तावला नाही. टोचलेल्या अंड्यांतली पिल्लं अपेक्षेपेक्षा लवकर मरू लागली. घुसवलेल्या जनुकानं त्याचा स्वभाव बदलला की आमचंच काही चुकलं, कुणालाच सांगता येईना.

नव्या अंड्यांचा निकाल येईपर्यंत सुट्टी मिळाली, तेव्हा घरी निघाले. आमच्याकडे काम करणाऱ्यानं काही दिवस कोंबड्यांजवळ जायचं नाही, हा नियम. म्हणून आईला आधीच फोन करून सगळ्या कोंबड्या चुलत्यांच्या वस्तीवर पाठवायला लावल्या. तिनं कुरकुरत पाठवल्या. लेक एवढी शिकली आणि कोंबड्यांना भिते, असं शेजारणीला ऐकवायलाही ती विसरली नाही.

घरी माझं जेवणात लक्ष नव्हतं. फोन वाजला की अंड्यांचा निकाल असेल म्हणून ताट सोडून उठायचे. आई बघत होती. निघायच्या दिवशी दुपारी जरा डोळा लागला, तो फडफडीनं उघडला. आई वस्तीवरून मुद्दाम मागवलेला तांबडा कोंबडा माझ्यावरून उतरत होती. त्याचा पंख माझ्या गालाला लागून गेला. मी ओरडले असणार, कारण तिनं मला दटावलं. आमच्यात असा उतरलेला कोंबडा कापत नाहीत, सोडून देतात. मी भानावर येऊन बाहेर पळाले, तोवर चुलते त्याला मोटरसायकलवरून वस्तीवर घेऊन गेलेही होते. त्याला वेगळा कोंडा म्हणून फोन केला, तर तो कधीच बाकीच्यांत मिसळला होता.

शिरवळला परतल्यावर आठवडाभरानं आईचा फोन आला. तांबडा कोंबडा मान वाकडी करून मेला होता. आणखी दोन कोंबड्या पंख पाडून बसल्या होत्या. तिचा आवाज मात्र मोकळा होता.

"तुज्यावरचं समदं त्येच्यावर गेलं बग," ती म्हणाली. "आता नीट जेवत जा."

मलाही नेमकं तेच वाटत होतं. त्याच विचारानं ती निर्धास्त झाली होती आणि माझी झोप उडाली होती.

मेलेल्या कोंबड्याचे आणि त्या दोन आजारी कोंबड्यांचे नमुने बर्फात घालून मागवले. निकाल येईपर्यंत मी हात इतके धुतले की कातडी सोलली. नमुन्यांत आम्ही घुसवलेलं जनुक नव्हतं. नेहमीचीच मानमोडी, बहुधा चुलतीनं बाजारातून आणलेल्या कोंबड्यांबरोबर वस्तीवर आलेली. मी खुर्चीत बसून रडले आणि लगेच आईला फोन लावला. माझ्यापासून त्याला काहीच गेलं नव्हतं, हे तिला दोनदा समजावून सांगितलं.

"मंग तुज्यावरचं अजून तुज्यावरच हाय व्हय गं?" तिनं विचारलं.