वादळ झालं नाही

टोकावड्याजवळच्या आमच्या गावात हवामानाचा शहाणा मीच. कल्याणला नोकरी, हातात मोठा फोन, फोनमध्ये समुद्राचे रंगीत नकाशे. एवढ्यावर मी ते शहाणपण मिरवत होतो.

त्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. त्याचं चक्रीवादळ होणार की नाही, याचा मला नादच लागला. मी सुट्टीवर गावी होतो, तेव्हा एका सकाळी काकी आमच्या अंगणात आली. काका गेल्यापासून ती एकटीच शेत करते, वर्षाचा तांदूळ त्यातलाच. तिचं भात कापून शेतात पसरलेलं, अजून ओलसर. त्या दिवशी सावडीची पाळी तिची होती. म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणारी माणसं तिचे भारे बांधून खळ्यावर आणणार होती.

"वादळ व्हईल का रे? व्हनार नसंल तर आजची पाळी शेजारणीला देते. माझं आजून दोन उन्हं खाऊ दे."

मी तिला नकाशा दाखवला. "नाय होत, काकी. वरच्या वाऱ्यानं सगळं इस्कटतंय."

"नक्की ना?"

"बिनधास्त दे."

तिनं पाळी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला, तो तीन दिवस. वादळ झालंच नाही. तिनं वादळाचं विचारलं होतं, तिला काळजी होती भिजण्याची. हे मला कळत होतं. आपल्याकडे सरकणारे ढगही मी नकाशात पाहिले होते. पण मला वादळाचा निकाल सांगायची घाई. आणि तिसऱ्या दिवशी ओटीवर बसून, आपला अंदाज बरोबर आला म्हणून मी खूश झालो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं पाण्यातून भात उचलत होतो. दाण्यांना पांढरे मोड फुटले होते. बांधावरून शेजारीण म्हणाली, "कुनी सांगितलं गो तुला पाळी सोडायला?"

काकी कंबर सरळ करत म्हणाली, "त्याचं काय नाय चुकलं. वादळ नाय व्हनार बोलला, नाय झालं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी मान वर न करता पुढची मूठ उचलली.