नळ बंद, तरी पाणी

गल्लीत त्याला नावाने कोणी ओळखत नसे. सगळ्यांच्या लेखी तो 'गळतीवाला'. वॉशिंग मशीन असो, फ्रिज असो की गीझर, खाली पाणी दिसलं की बोलावणं यालाच. आल्या आल्या हा काही उघडायचा नाही. सांडलेल्या पाण्यात दोन बोटं बुडवून चोळायचा. बुळबुळीत लागलं तर साबणाचं, म्हणजे पाणी बाहेर जायची वाट कुठेतरी फुटलीय. नितळ लागलं तर नळाकडून आत येणारी बाजू. मग फरशी कोरडी करून मशीनखाली अंगाला लावायची पावडर पसरायची, मशीन सुरू करायचं आणि समोर मांडी ठोकून बसायचं. पावडरीत ओली रेघ उमटली की चोर सापडला.

"अहो, काहीतरी करा की!" गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं.

"करतोय ना. बघतोय," हा म्हणायचा.

दुकान सासऱ्यांचं. वरच्या दोन खोल्याही त्यांच्याच. जिना दुकानातूनच उतरायचा, त्यामुळे नुसती हवा खायला बाहेर पडायचं तरी सासऱ्यांच्या खुर्चीला वळसा घालूनच. "कुठे निघाले जावईबापू?" हा प्रश्न सोळा वर्षं रोज, एकही सुट्टी न घेता. बरं, सासरे वाईट असते तर भांडून मोकळं होता आलं असतं. तीच तर पंचाईत! जावयावर त्यांचा लेकीइतकाच जीव. गेल्या वर्षापासून त्यांना नीट दिसेनासं झालं, तेव्हापासून तर पावलांच्या आवाजावरूनच ते याला ओळखत. प्रेमाने बांधलेली गाठ सोडवायची कशी, हे याला कोणत्याच तंत्रशाळेत शिकवलं नव्हतं.

आणि शाळेवरूनच सगळं सुरू झालं. दूरच्या शहरातल्या एका तंत्रशाळेला हे काम शिकवणारा माणूस हवा होता. राहायला घर, मागे छोटं अंगण, आणि दार थेट रस्त्यावर उघडणारं! त्या दारासाठीच गळतीवाला वेडा झाला. बायकोला त्याने तीनदा विचारलं. तीनदा ती म्हणाली, "जाऊ या की." सोमवारी दुपारी बारापर्यंत फोन करून होकार कळवायचा होता.

सासऱ्यांना सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरचं वॉशिंग मशीन गळायला लागलं.

"वा!" सासरे म्हणाले. "घरचं गळतंय आणि हे निघाले जगाला शिकवायला! जा बाबा, मी कोण अडवणार? पण हे एवढं नीट करून जा. माझी अब्रू आहे गल्लीत."

पाच दिवस त्याने जिवाचं रान केलं. पाणी नितळ होतं, म्हणजे नळाकडची बाजू. वायसर बदलला, पाइप बदलला, व्हॉल्व्ह नवा बसवला. हा समोर बसला की मशीन शहाण्यासारखं कोरडं. हा दुकानात उतरला की खाली थारोळं. बायको मुकाट्याने पुसून काढायची. त्याला त्या न्हाणीघरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. एका पाइपापायी आपलं दार आपल्याला मिळणार नाही, या विचाराने तो पुन्हा पुन्हा तोच पाइप उघडून बघायचा.

सोमवारी सकाळी त्याने शेवटचा उपाय केला. नळ घट्ट बंद केला, प्लग काढला, मशीन पार रिकामं केलं, पावडर पसरली आणि खाली गेला. साडेअकराला वर आला, तर पाणी.

नळ बंद, मशीन बंद, तरी पाणी. तो गुडघ्यांवर बसला. पावडरीत रेघ कुठेच नव्हती. वरून पडल्यासारखे शिंतोडे होते आणि बाजूला एक गोल ठसा. त्याने मान वळवली. बेसिनवरचा निळा मग उचलून उलटा केला. बुडाला पांढरी पावडर.

सोळा वर्षं त्याने पाण्याला प्रश्न विचारले होते. माणसांना विचारायचं सुचलंच नव्हतं. आणि जिला तीनदा विचारलं, तिच्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

बायको दारात उभी होती, केव्हाची कोण जाणे.

"बोलायचं नाहीस का?" त्याचा आवाज चढला.

"कसं बोलणार? इतकं खूश मी तुला कधी बघितलंच नव्हतं." ती रडत नव्हती, पण पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळत होती. "बाबांना चहाचा कप दिसत नाही रे आता. हात चाचपडतो. मी कशी जाऊ? आणि तुला नाही कशी म्हणू?"

तो चिडला होता. मग नुसताच ओल्या फरशीवर बसून राहिला. भांडायला समोर कोणीतरी वाईट माणूस लागतो आणि या घरात एकही नव्हता.

खालून हाक आली, "जावईबापू! बारा वाजत आले. सापडली का गळती?"

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीनेच हे केलं, हे म्हाताऱ्याला कळलं असतं तर त्याने दोघांना हाताला धरून घराबाहेर काढलं असतं, आणि मग एकटाच चाचपडत बसला असता.

गळतीवाल्याने निळ्या मगाचं बूड शर्टाच्या बाहीने पुसून स्वच्छ केलं आणि तो बेसिनवर जागच्या जागी ठेवला.

"नाही बाबा," तो जिन्याकडे तोंड करून म्हणाला. "माझ्याच्याने नाही सापडत."

आजवर हे वाक्य त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. खालून सासऱ्यांचा आवाज आला, लपवूनही न लपणाऱ्या आनंदाचा.

"असू दे, असू दे. घाई कसली आहे?"