गोपाळकृष्णाची साक्ष

गोपाळकृष्ण पांढरीपांडे माझा शाळेपासूनचा मित्र. अमरावतीत आमची घरं समोरासमोर होती. त्याचे वडील याज्ञिकी करत, माझे वकिली. मी, भगवंत, वडिलांच्याच वाटेने गेलो. तो पुण्याला शिकून इंजिनिअर झाला आणि अकोल्याच्या एका कापसाच्या जिन-प्रेसमध्ये नोकरीला लागला. दोन वर्षांपूर्वी, चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात, तो विषमज्वराने गेला. लोक अजून त्याची आठवण काढतात ती मोटारीच्या शर्यतींमुळे. मला तो आठवतो तो त्याच्या एका साक्षीमुळे, कारण ती साक्ष मी मोडली होती.

अकोल्यातल्या त्याच्या पहिल्याच हंगामात पार्बताबाई नावाच्या मजुरणीचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात गेला. उजवा हात कोपरापासून गेला. गोपाळकृष्ण तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात तो अमरावतीला आला, पण जेवायला बसला नाही.

"भगवंता, तो पट्टा उघडा आहे हे मी दोन दिवस आधी पाहिलं होतं," तो मला म्हणाला. "दिवाळी झाली की मालकांशी बोलू म्हटलं. नवीन नोकरी, उगाच कशाला, असं वाटलं."

परत गेल्यावर त्याने प्रेसमधल्या प्रत्येक पट्ट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. मालक कुरकुरले. तो म्हणाला, जाळी नाही तर मी इंजिन सुरू करणार नाही. पुढे त्याच्या हाताखाली तिथे कुणाला साधं बोट गमवावं लागलं नाही. पण पार्बताबाई डाव्या हाताने सरकी निवडायला बसायची, तिच्याकडे पाहणं त्याला जमत नसे. ती मात्र त्याला म्हणायची, "सायेब, तुमी कावून मान खाली घालता? हात गेल्यावरबी मले तं तुमीच कामावर ठेवलं."

मोटारीचा नाद त्याला कुठून लागला, देव जाणे. नागपूरच्या एका अधिकाऱ्याची जुनी दोन माणसांची गाडी त्याने घेतली आणि सुट्टीच्या दिवशी सगळी खोलून पुन्हा जुळवली. अमरावतीला कॅम्पाच्या पलीकडे, मोकळ्या माळावर, हौशी मोटारवाले थंडीत शर्यत भरवत. दोन-तीन वकील, एक डॉक्टर, वरूडचा एक संत्र्याचा बागाईतदार असे सहा-सात जण. गोपाळकृष्ण त्यांत दोनदा पहिला आला.

त्याची तऱ्हा निराळी होती. शर्यतीच्या सकाळी तो सगळा मार्ग पायी चालायचा आणि दगड वेचून बाजूला टाकायचा. बघ्यांचा दोर वळणापासून पन्नास पावलं मागे नेल्याशिवाय गाडीत बसायचा नाही. बसला की चामड्याचा रुंद पट्टा कमरेला आवळून स्वतःला बैठकीला बांधून घ्यायचा. लोक त्याला मागून 'पट्टेवाला' म्हणत, म्हणजे चपराशी. त्याच्या कानावर ते आलं तेव्हा तो मनापासून हसला होता.

"इतकी भीती वाटते तर पळवतोस कशाला?" मी एकदा विचारलं.

"वेगात गेल्याशिवाय गाडीचं काय ढिलं आहे ते कळत नाही," तो म्हणाला. "बाजारात जाताना वाईट ब्रेकही चांगलाच वाटतो."

हे वाक्य मी विसरलो नव्हतो. तरीही पुढे जे केलं ते केलं.

छत्तीस साली मूर्तिजापूरच्या आठवडी बाजारात भाड्याने उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार दुकानांत घुसली. महादेवराव नावाचा म्हातारा माळी भाजी घेऊन बसला होता, त्याचा पाय चिरडला आणि पुढे कापावा लागला. मोटार खुशालरावांच्या अंबाप्रसाद सर्व्हिसची. त्यांच्या चार गाड्या होत्या. पोलिसांनी ड्रायव्हर नत्थुजीवर खटला भरला आणि गाडी तपासायला गोपाळकृष्णाला बोलावलं. त्याने एकीच्या जागी चारही गाड्या तपासल्या आणि लिहून दिलं की ब्रेकांची लायनिंगं रिबिटांपर्यंत झिजली आहेत, ब्रेक धरत नाहीत, दुरुस्ती होईपर्यंत एकही गाडी रस्त्यावर येऊ देऊ नये.

खुशालराव माझ्याकडे आले. सोबत नत्थुजी होता, पन्नाशीचा, हातातली टोपी चुरगाळत उभा.

"गाड्या उभ्या राहिल्या तं माहा धंदा बसला समजा, वकीलसायेब," खुशालराव म्हणाले. "त्या इंजिनिअरचं तोंड तुमी बंद करा."

मी नत्थुजीला विचारलं, "ब्रेक लागला नव्हता का?"

त्याने मालकाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी दोनदा सांगतलं होतं मालकाले. धरतच नाही म्हून."

"तू चूप बस," खुशालराव म्हणाले. "वकीलसायेब पाहून घेतीन."

म्हणजे खरं काय ते मला माहीत होतं. वकीलपत्र नाकारता आलं असतं. मी नाकारलं नाही. अशिलाचा बचाव करणं हा माझा धर्म आहे, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय खटल्याची गावभर चर्चा होती, आणि मला जिंकायचं होतं. हेही आता लपवण्यात अर्थ नाही.

गोपाळकृष्ण पिंजऱ्यात आला तेव्हा माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. उलटतपासणी मी त्याच्या शर्यतींपासून सुरू केली.

"शर्यतीत तुम्ही ताशी किती मैलांनी मोटार हाकता?"

"सरळ रस्त्यावर साठ."

"आणि आरोपीची गाडी त्या दिवशी किती वेगाने जात होती?"

"फार तर पंधरा."

"साठ मैलांनी जाणारे तुम्ही, पंधरा मैलांनी जाणाऱ्याला धोक्याचा म्हणता?"

"प्रश्न वेगाचा नाही, थांबण्याचा आहे. माझी गाडी थांबते."

कोर्टात हशा पिकला. तो हसण्यासारखं काही बोलला नव्हता, पण मी थोडं थांबून हशा पुरा होऊ दिला.

"शर्यतीत तुम्ही स्वतःला गाडीला बांधून घेता, हे खरं?"

"खरं आहे."

"म्हणजे गाडी उलटेल अशी धास्ती तुम्हाला कायम असते."

"असते. म्हणून तर..."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"हो."

"आणि तरी मौजेखातर पळवता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाला.

मी खाली बसलो. नत्थुजी किरकोळ दंडावर सुटला. गाड्या चालू राहिल्या. निकालात माझ्या युक्तिवादातलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलं: जो स्वतः मौजेसाठी जीव धोक्यात घालतो आणि ज्याला सगळीकडे अपघातच दिसतात, अशा साक्षीदाराच्या तारतम्यावर विसंबता येत नाही. वकिलांच्या बाररूममध्ये त्या दिवशी माझं पुष्कळ कौतुक झालं.

पाच महिन्यांनी, माघात, अंबाप्रसादची एक मोटार परतवाड्याहून धारणीला निघाली होती. मेळघाटातल्या एका लांब उतारावर ती सुटली आणि वळणावरून दरीत गेली. सात माणसं गेली. गाडीवर नत्थुजी होता, तोही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्णाची गाडी माझ्या दाराशी उभी राहिली. "मी घाटात चाललोय. येतोस?" एवढंच म्हणाला. मी शेजारी बसलो. त्या जागी पोचल्यावर तो धोतराचा काचा मारून दरीत उतरला. मी वरच राहिलो. रस्त्यावर कुणाच्या तरी टोपलीतली बोरं सांडली होती. तासाभराने तो वर आला. हात काळे झाले होते.

"तीच लायनिंगं आहेत," तो म्हणाला. "बदललीच नाहीत."

मी म्हणालो, "गोपाळ, मला..."

"ऊन चढतंय. निघू या," तो म्हणाला.

त्या मार्चमध्ये त्याने शर्यतीची गाडी विकून टाकली. मला दुसऱ्याकडून कळलं. मी अकोल्याला गेलो आणि विचारलं, का विकलीस. तो अंगणात काहीतरी कानशीने घासत होता. मान वर न करता म्हणाला, "शर्यत नसती तर तू मला कोर्टात काय विचारलं असतंस? माझ्या साक्षीत खोट काढायला दुसरं काहीच नव्हतं, भगवंता. शर्यत तेवढी होती."

रागाने बोलला असता तर मला बोलायला वाट मिळाली असती. त्याच्या आवाजात राग नव्हता. चूक आपलीच, असं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि ते खोडून काढायला मला माझी चूक मोठ्याने सांगावी लागली असती. मी चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

पुढे नवा मोटार कायदा आला आणि भाड्याच्या गाड्यांची तपासणी सक्तीची झाली. तपासनिसाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला. वऱ्हाडात त्या कामाला त्याच्याइतका लायक माणूस नव्हता. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या कमिटीवर बसलेल्या एकाने मला नंतर सहज म्हणून सांगितलं, "तुमच्या खटल्याचा निकाल कुणीतरी पुढे ठेवला. एकदा कोर्टाने असं लिहिल्यावर कसं घेणार?" मी त्याला काही म्हणालो नाही. कमिटीला पत्र लिहिता आलं असतं. तेही लिहिलं नाही.

गोपाळकृष्ण मग दर रविवारी अकोल्याच्या मोटार स्टँडवर जाऊ लागला. सतरंजी अंथरून गाडीखाली शिरायचा आणि ड्रायव्हर लोकांना फुकट ब्रेक तपासून द्यायचा. मालकांना ते आवडत नसे, ड्रायव्हर मात्र वाट पाहत. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, गाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, तरी त्याचा रविवार चुकला नाही. आजारी पडला तो असाच एका रविवारी पावसात भिजून आल्यानंतर. मी बातमी ऐकून पोचलो तेव्हा त्याला माणसं ओळखू येत नव्हती.

तेराव्यानंतर एका दुपारी मी त्याच्या बायकोला, माणिकबाईंना, भेटायला गेलो आणि जे त्याला सांगायचं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. नत्थुजी माझ्या ऑफिसात काय बोलला होता, तेसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही त्यांना आठ वर्षांत एकदा सांगितलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं. त्यांना वाटायचं, तुमचा खरोखरच त्यांच्यावर विश्वास नव्हता."

त्या उठून आत गेल्या. आतून त्यांनी विचारलं, गाडी किती वाजता आहे, दोन घास खाऊन जाता का. मी हो म्हणालो.