कस्टमकाकांनी नाकारलेली वेज

काकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी उलटी करून बघत. चहाचा कप, नवी टोपी, स्पर्धेत कुणाला मिळालेलं घड्याळ, काहीही. उरणजवळच्या आमच्या गोल्फ क्लबात ते कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडायचं आणि कुठला फटका कुठल्या काठीने मारायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. बंदर शेजारीच, तिथल्या कस्टमवाल्यांसारखे सगळं तपासतात म्हणून सगळे त्यांना कस्टमकाका म्हणत. ते नाव त्यांना आवडत नसावं, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. मीठ नेणारा व्यापारी मापात मारायचा, म्हणून प्रत्येक टोपली पुन्हा मोजायची, हे काकांचं लहानपणचं काम. पुढे मिठागर गेलं, तिथे कंटेनर उभे राहिले. मोजायची सवय राहिली. त्यांच्या खिशात कोन मापायचं एक जुनं पितळी माप असे. कुणी नवी काठी आणली की तिचं तोंड किती अंशांनी कललेलं आहे, ते आधी स्वतः मापत. काठीवर आकडा छापलेला असतो, हे मी एकदा त्यांना दाखवलं.

"छापलेला आकडा म्हंजे दुकानदाराचा शब्द," ते म्हणाले. "मना त्याचं काय?"

या स्वभावापायी क्लबातल्या बऱ्याच जणांचं त्यांच्याशी बिनसलेलं होतं. एक बिल्डर सदस्य गवतात हरवलेला चेंडू "सापडला, सापडला" म्हणत पुढे आला, तेव्हा काकांनी चार लोकांसमोर चेंडू त्याच्या हातातून घेतला, निरखला आणि म्हणाले, "यो तुमचा न्हाय, साहेब. तुमच्या चेंडूवर लाल ठिपका होता." साहेबांचा तो फटका बाद झाला. त्या दिवसापासून त्यांनी काकांना बॅग दिली नाही.

माझं मात्र काकांशी जमलं. मी बंदरात आलेल्या मालाची पाहणी करून अहवाल लिहिते. कुणावर सहज विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. पन्नाशीला आल्यावर मी खेळ शिकायला घेतला आणि आयर्नचा, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठ्यांचा, एक संच घेतला. पाठीमागे पोकळ, बुडाशी रुंद, चेंडू थोडा कडेला लागला तरी सांभाळून घेणाऱ्या. काका त्यांना "चूक पोटात घालनाऱ्या" म्हणत. संचातली शेवटची काठी चव्वेचाळीस अंशांची होती. भोकाभोवतीच्या हिरवळीजवळून चेंडू उंच उचलून टाकायला तिच्यापुढची वेज, म्हणजे जास्त कललेल्या तोंडाची काठी, हवी होती. पनवेलच्या दुकानातून मी छप्पन्न अंशांची एक आणली. पातळ, आरशासारखी चकचकीत. आवडली नाही तर महिन्याभरात बदलून मिळणार होती.

काकांनी ती उलटी केली, मापली, मग माझी एक आयर्न दुसऱ्या हातात घेऊन दोन्हींचं वजन तोललं.

"ही तुमची न्हाय," ते म्हणाले. "बाकीच्या सगल्या चूक पोटात घालतात, ही घालनार न्हाय. दांडा बी जड. आन् चव्वेचाळीस ते छप्पन, मधी बारा. त्या बाराचं काय करनार? पन्नासची एक पायजे, छप्पनची एक. रुंद बुडाच्या. त्याच दुकानात खालच्या फळीवर दोन हायेत."

शेवटच्या वाक्याशी मी अडकले. खालच्या फळीवर काय आहे, हे यांना कसं माहीत? तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. दोन दिवसांनी बिल्डर साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, "त्या दुकानाचं आणि कॅडींचं साटंलोटं आहे. तुमचा कस्टम तर पक्का कमिशनवाला." माणूस का बोलतोय, हे मला समजायला हवं होतं. कामावर मी ते लगेच ओळखलं असतं. इथे मात्र संध्याकाळी ऑफिसात जाऊन, कॅडींची नेमणूक करणाऱ्या मॅनेजरला काकांचं नाव सांगून मोकळी झाले. चौकशी होईपर्यंत काकांना यायला मनाई झाली. चौकशी कुणी केलीच नाही.

तीन आठवडे मी ती चकचकीत वेज घेऊन खेळले. चेंडू जरा कडेला लागला की जमिनीलगत सरपटत हिरवळीपलीकडे खाडीच्या चिखलात. पावसाने मऊ झालेल्या मातीत तिची पातळ कड रुतून बसायची. नवा कॅडी दर वेळी "छान, मॅडम" म्हणायचा. त्याचा मला राग येऊ लागला. महिना संपायच्या आत काठी परत करायला पनवेलला गेले आणि दुकानदाराला सरळच विचारलं, "आमच्या क्लबातले ते काका गिऱ्हाईक पाठवतात, त्यांना तुम्ही काय देता?"

"देतो?" तो म्हणाला. "बेन, मी देत होतो, त्याने घेतलं नाही. अख्खी दुपार बसून माझ्या सगळ्या वेज मापल्या. त्यातल्या तीनवरचे आकडे चुकीचे निघाले तर माझ्याशीच भांडला. मी बोललो, माणसं पाठव, तुझं बघतो. तर उठून गेला. पाणीपण नाही प्यायला."

"आले कशाला होते?"

"बोलत होता, आमच्या एका मॅडमच्या काठ्यांना जोड बघायचीय. आपल्याच वेळात आला होता, सुट्टीच्या दिवशी."

मी तिथूनच मॅनेजरला फोन केला. दुसऱ्या दिवशी माझी चूक लिहून दिली, सही केली. आठवड्याने काका परत आले. मी त्यांना गाठून म्हटलं, "काका, माझं चुकलं."

ते कुणाची तरी बॅग पुसत होते. फडकं थांबलं नाही. "संशय आला, ते चुकलं न्हाय. मना बी येतो. पन मी आदी मापतो, मग बोलतो. तुमी न मापता बोललात." मग फडकं झटकून म्हणाले, "घरी सांगितलं न्हाय, काम बंद हाय म्हनून. रोज डबा घेऊन जेट्टीवर बसायचो."

पुढच्या सुट्टीला ते माझ्याबरोबर पनवेलला आले. पन्नासची आणि छप्पन्नची, रुंद बुडाच्या दोन्ही वेज पुन्हा मापून दिल्या. त्या आजही माझ्या बॅगेत आहेत आणि माझे बरेच वाईट फटके त्यांनी निभावून नेलेत. काका माझ्याशी पूर्वीइतकंच बोलत. मीच कमी बोलू लागले. दोन वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी काम सोडलं, निरोप समारंभ नको म्हणाले. ते क्लब सोडून गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं.

गेल्या हिवाळ्यात उरणच्या मासळीबाजारात ते भेटले. बरोबर बायको होती. "या आमच्या क्लबातल्या मॅडम," काकांनी सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्याच का त्या, तुमचं नाव देनाऱ्या?"

मी हातात घेतलेल्या पापलेटकडे बघू लागले. काका शांतपणे म्हणाले, "व्हय. आन् लिहून मागं घेनाऱ्या बी ह्याच."

तिने काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पापलेटचे कल्ले बोटाने उचलले.

"यो नका घेऊ," ती म्हणाली. "शिळा हाय. चला, मी दावते कोनाकडं चांगला हाय."

मी तो मासा परत ठेवला आणि तिच्यामागून चालू लागले.