भांडणाचा तास

"दाखला द्या पोरीचा! आत्ताच्या आत्ता!"

"देऊ की. पण कशापायी, ते तरी सांगाल, दत्तोबा?"

"कशापायी? तुमी साळंत पाढं शिकवताय का भांडणं?"

"दोन्ही. पाढे रोज, भांडणं शनिवारी."

असं म्हणून करुणाबाई स्वतःच हसल्या आणि त्यांच्यामागं तिसरीचा अख्खा वर्ग फिस्सकन फुटला. दत्तोबा आणखी तापला. लेकीचं मनगट त्यानं घट्ट धरलं होतं, आणि लेकीनं, म्हणजे साक्षीनं, दुसऱ्या हातानं दाराची चौकट.

करुणाबाईंचा शनिवारचा तास साऱ्या निरवांगी गावाला ठाऊक होता. बाई मूळच्या माळेगावच्या. वडील साखर कारखान्यात, घरात सहा भावंडं, म्हणजे भांडणाचा अनुभव दांडगा. चणीनं एवढ्याशा, आवाज मात्र भोंग्याचा, लुना फाट्यावर असतानाच "आले रे!" शाळेत पोचायचं. नव्या होत्या तेव्हा दोन पोरं बसायच्या गोणपाटावरून रेड्यांसारखी झुंजली. बाईंनी छडी उगारली आणि कोण जाणे काय सुचलं, म्हणाल्या, "भांडा! पण तू ह्याच्या बाजूनं, अन् ह्यानं तुझ्या." दुसऱ्याची बाजू मांडता मांडता एक जण "ह्याचं गोणपाट खरंच फाटलंय हो बाई!" म्हणून रडायलाच लागला, आणि त्याला बघून बाकीचे हसून लोळले. तेव्हापासून आठवड्याची भांडणं पोरं खिशातल्या चिंचोक्यांसारखी शनिवारपर्यंत जपायची.

साक्षी त्या तासाची राणी. शाळेत आली तेव्हा कुणी ढकललं तरी भिंतीला चिकटून उभी राहायची, हूं की चूं नाही. आता चौथीची पोरंसुद्धा भांडण मिटवायला तिला बोलवायची. ती शाळा सोडून जाणं बाईंना मुळीच नको होतं. चेहरा मात्र हसराच.

"पण घडलं काय?"

"काल पाव्हणं आल्यालं. हिची आई म्हायेरच्या जत्रंला जाती म्हणली, म्हणून मी तिच्यावर जरा वरडलो, तर ही मधी हुबी! म्हणती, 'अण्णा, आता तुमी आईच्या बाजूनं भांडा.' पाव्हणं च्या सांडंस्तवर हसलं. माझी म्हातारी सुदीक!"

"मग भांडलात का?"

"मी? बायकूच्या बाजूनं?"

"म्हणजे अर्धंच राहिलं की! साक्षी, तू अण्णा हो. दत्तोबा, तुम्ही हिची आई, तुळसाबाई. एवढं झालं की हेडमास्तरांकडून दाखला मी स्वतः आणून देते. शब्द दिला."

"न्हाय जमायचं."

"भ्यालं!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

हे मात्र दत्तोबाला सोसवेना. त्यानं टोपी सरळ केली. साक्षीनं मनगट सोडवून घेतलं, पोट पुढं काढलं आणि नसलेल्या मिशीवर बोट फिरवलं.

"जत्रा-बित्रा काय न्हाय! तू म्हायेरी गेल्यावर म्हशीची धार कोण काढंल? तुझा बा?"

हुबेहूब! वर्ग खिदळला. दत्तोबाच्या ओठांवरही हसू फुटलं. त्यानं ते घाईघाईनं पुसलं.

"बोला, तुळसाबाई," करुणाबाई म्हणाल्या.

"अवं..." त्यानं बारीक आवाज काढला. पोरांनी पोटं धरली. मग गड्याला रंगच चढला. खांद्यावरच्या टॉवेलचा त्यानं पदर घेतला. "अवं, दोन रोज जाऊन येती की! म्हस तुमास्नी बी वळखती."

"ती लाथ मारती मला!"

"मारंल न्हाय तर काय ववाळंल? कदी पेंड घातलीया तिला? दमलीस का, म्हणून कदी इचारलंय? तिला न्हाय, अन् मला बी न्हाय."

शेवटचं वाक्य तोंडातून कसं निसटलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पोरं अजून हसतच होती. साक्षीनं मिशीवरचं बोट काढलं नाही.

"मग आदी का न्हाय बोललीस? मी काय खातुया तुला?"

दत्तोबाचा टॉवेल डोक्यावरून हळूच खांद्यावर घसरला.

"बोला की, तुळसाबाई!" पोरं ओरडली.

करुणाबाईंना दिलेला शब्द पाळायचा होता. त्या उठल्या. "दत्तोबा, दाखला आणू ना?"

त्यानं लेकीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. मग दारातल्या चपला कशाबशा पायांत सरकवल्या आणि मोकळ्या हातानं, लेकीला वर्गातच ठेवून, मैदान ओलांडून तो चालू लागला.