दादानं मोडलं

मनगट मोडलं असेल तर माणूस खरंच पडलेला असतो. कोपराखालचं हाड मधोमध मोडलं असेल, तर डोक्यावर आलेला घाव त्यानं हातावर झेललेला असतो. इस्पितळात वीस वर्षं प्लास्टर घालणाऱ्या प्लास्टरबाईला हे कुणा डॉक्टरानं शिकवलं नव्हतं. बापाच्या राज्यात तिचं स्वतःचं तेच हाड दोनदा मोडलं होतं.

बाप जुन्या गाड्या घेऊन भंगारात काढायचा. तो गेला आणि घर तिघा भावंडांच्या नावावर आलं. थोरला तिथंच राहून बापाचा धंदा रेटत होता. धाकट्याला, आई गेल्यावर, तान्हेपणीच मावशीनं दूर आपल्या घरी नेलं होतं. त्याला घर विकून आपला वाटा हवा होता. थोरला म्हणे, "इथली एक वीट तरी उचललीस का रे कधी, फुकट्या?"

पहिल्या बैठकीत धाकट्यानं स्टुलानं थोरल्याचे पुढचे दोन दात पाडले. दुसरीत थोरल्यानं त्याची मान दारात धरून दार लोटलं. तिसरीला समजूत घालायला आलेला वकील चपला तिथंच टाकून पळाला. दर वेळी टाके घालायला दोघं तिच्याच इस्पितळात. घरचंच गिऱ्हाईक, नंबर लावायची कटकट नाही. हसावं की दोघांच्या थोबाडीत द्यावी, तिला कळेना. घर गेलं खड्ड्यात. तिला दोन्ही भाऊ जिवंत हवे होते, बस्स.

शेवटी ती एकटीच थोरल्याकडे गेली. विनवण्या केल्या, रडली. तो ढिम्म. मग तिचं डोकं फिरलं. तिनं अंगणातला पाना उचलला आणि समोरच्या गाडीची काच फाडकन फोडली.

"पुढचा घाव तुझ्या टाळक्यात घालीन, दादा!"

थोरला बघतच राहिला. "बापावर गेलीस की गं," म्हणाला, आणि खाली बसून काचा वेचायला लागला. वेचता वेचताच म्हणाला, "जा, सांग त्याला. मोडलं मी घर."

भंगाराच्या धंद्यात मोडलं म्हणजे विकलं. गाडी मोडली, इंजिन मोडलं. तिघांच्या आईच्या बांगड्यासुद्धा बापानं मोडल्याच होत्या. तिला आनंदानं दुसरं काही सुचलंच नाही. तिनं उभ्या उभ्या कोपऱ्यावरच्या लॉजवर उतरलेल्या धाकट्याला मेसेज टाकला, "दादानं मोडलं. लगेच घरी ये." आणि चहा टाकायला आत गेली.

धाकटा मावशीकडे वाढलेला, धंद्यातली बोली त्याला ठाऊक नव्हती. घर विकायचं बोलणंच दादानं मोडलं, एवढंच त्याला कळलं. तो अंगणात शिरला तो पहार उचलूनच. थोरला घराच्या किल्ल्या हातात घेऊन पुढे येत होता. पहिला घाव डोक्यावर आला, त्यानं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात ऐकू गेला. दुसरा घाव बरगडीत बसला. तिसऱ्याच्या आत तिनं धावत येऊन उकळता चहा धाकट्याच्या पाठीवर ओतला.

"विकलं म्हणाला तो, मेल्या! विकलं!"

"तूच लिहिलंस, ताई," धाकटा कळवळत ओरडला, "मोडलं म्हणून!"

किल्ल्या काचांत पडल्या होत्या.

प्लास्टर तिनंच घातलं. आधी कापूस गुंडाळला, पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून पिळल्या. "माझ्यामुळं झालं रे, दादा," ती म्हणाली. थोरल्यानं दात नसलेलं तोंड वाकडं केलं. "सहीचं काय आता? डाव्या हाताचा अंगठा चालतो का, विचार त्या वकिलाला. चपलाही ने म्हणावं."

पाठीला मलम लावून धाकटा दारात उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. "ताई, हात..."

"मोडला," ती म्हणाली. ह्या वेळी त्याला नीट कळलं.

केसपेपरवर 'इजा कशी झाली' हा रकाना रिकामा होता. मारहाण लिहिली की पोलीस येणार.

"पडलो म्हणून लिही," थोरला म्हणाला.

हे हाड मोडून आलेल्या, असं सांगणाऱ्यांवर तिनं वीस वर्षांत कधी विश्वास ठेवला नव्हता. तिच्या हाताच्या वेळी बापानं दोन्हीदा हेच लिहून घेतलं होतं. तिनं पेन उचललं आणि लिहिलं, पडला.