शिव्या खाणारा गवंडी

रामराव कॉन्ट्रॅक्टरने फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि न विचारता खुर्ची ओढली. फाईलमध्ये नऊ सर्टिफिकेटं होती, सात मराठीत आणि दोन इंग्रजीत. सचोटीचा, वक्तशीर, कामात चोख. इंग्रजी सफाईदार होतं, तेव्हा भिंतीही सरळ असतील असं मी धरून चालले.

मुलांनो, आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरची ही गोष्ट. मी रामनगरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात एकटीच नर्स होते. व्यापाऱ्यांची कमिटी तो दवाखाना चालवी. दिग्गीकडून एखादी अडलेली बाई बैलगाडीतून आली आणि मी दुसरीजवळ गुंतलेली असले, तर तिने गाडीतच कळा सोसायच्या. बेळगावची शांता सिस्टर यायला तयार होती, पण तिला राहायला घर हवं होतं. पावसाआधी घर झालं नाही तर ती दुसरीकडे नोकरी धरणार होती. कमिटीने दोन खोल्या मंजूर केल्या आणि बांधणारा निवडायचं काम माझ्यावर टाकलं, कारण मला इंग्रजी येत होतं. त्याचा घर बांधण्याशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"बाई, रामरावच घ्या," कमिटीचे अध्यक्ष आप्पा म्हणाले. ते भाताच्या गिरणीचे मालक. "आमचं घर त्यानंच बांधलंय. देवमाणूस!"

रविवारी मी सर्टिफिकेटं देणाऱ्यांची घरं बघायला निघाले. आधी आप्पांच्याच घरी गेले. माडी झोकदार होती, फक्त जिना नव्हता. आप्पांच्या पत्नी डोक्यावर पाटी घेऊन शिडीवरून उतरत होत्या.

"काकू, जिना?"

"हुणार की. माप घेऊन गेल्यात."

"कधी?"

"थोरलीच्या लग्नाआधी."

थोरलीचा मुलगा अंगणात कोंबड्यांमागे पळत होता.

"माणूस लई चांगला हाय बरं का!" हे काकूंनी रस्त्याकडे बघत, मोठ्याने सांगितलं.

'सचोटीचा' असं लिहून देणाऱ्या मास्तरांच्या न्हाणीला दार नव्हतं, गोणपाट लावलं होतं.

"सागवान वाळतंय, बाई," मास्तर म्हणाले.

"किती दिवस?"

"हे तिसरं वर्ष."

"खरं सांगा की तेस्नी!" गोणपाटाआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"गप ग! त्याच्या कानावर गेलं तर चौकटबी काढून नेईल."

तिथेच मला माझा वॉर्ड आठवला. खाटेवरची बाई नर्सला कधी वाईट म्हणत नाही, कारण उद्याचं इंजेक्शन त्याच नर्सच्या हातचं असतं. डिस्चार्ज, म्हणजे घरी जायची परवानगी, मिळाला की मात्र दारातूनच सुरू होते: चहा पाणचट, गादी टोचते, बाई खेकसते. रामरावने कुणालाच डिस्चार्ज दिला नव्हता. सगळे अजून खाटेवरच होते.

मग मी चौकशी उलटी केली. गाव कोणत्या गवंड्याला शिव्या घालतं? नाव एकच निघालं. खानापूरकडचा पुंडलिक.

"मुडदा! खिडकी नको तिथं ठेवली. वारं म्हणून न्हाई."

"तोंडाचा फाटका. मालकालाच हाकलतो."

"जोतं एवढं उंच केलंय, म्हातारीला चढवंना."

मी प्रत्येकाला विचारलं, "काम पुरं झालंय?"

"व्हय, ते कवाच."

पुंडलिकला बोलावलं. तो हात हलवत आला.

"सर्टिफिकेट?"

"घरं बघा, अक्का. न्हाई पटलं तर दुसरा गाठा. आणि काम चालू असताना मधे मधे यायचं न्हाई."

कमिटीत आप्पा उखडले. "त्या शिव्या खाणाऱ्याला काम? लोक काय म्हणतील?"

"शिव्या घालतील. पण घरात बसून घालतील."

आप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग खाली वाकून कुजबुजले, "पटतंय ओ बाई. पण मी हात वर केला आणि रामरावला कळलं तर माझा जिना..."

"तुम्ही विरोधात मत द्या. मी तसं लिहून ठेवते."

पुंडलिकचं नाव एक मत विरोधात पडून मंजूर झालं. तो एकमेव विरोधक नंतर मला गुपचूप चहा पाजून गेला.

पुंडलिकने मला दोनदा हाकललं आणि वैशाखात कौलं चढवली. शांता ट्रंक घेऊन आली. तिसऱ्याच दिवशी ती तणतणत माझ्याकडे आली. "सिस्टर, चूल कुठे घातलीय त्या मूर्खानं! सगळा धूर डोळ्यांत जातो."

मला फार बरं वाटलं. तिचं घर पुरं झालं होतं.

त्या पावसाळ्यात एका दुपारी दोन बैलगाड्या दारात लागल्या. दोन्ही बायका लगेच आत आल्या आणि दोघींपाशी एकेक नर्स उभी राहिली.

तुम्ही तिकडे घरासाठी बिल्डर शोधताय, म्हणून हे लिहिलं. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना जरूर भेटा. ते काय म्हणतात तेही ऐका. पण त्याआधी एवढंच विचारा, की त्याच्याकडून तुमचं अजून काही यायचं राहिलंय का?